उजवा खण

"घरात खाणारी माणसं किती?" दुकानातल्या सेल्समनने विचारलं आणि दिपेश म्हणाला, "तीन." अडखळला नाही, माझ्याकडे वळून बघितलं नाही, तोंडातल्या तोंडात मोजलंसुद्धा नाही. तीन. मी तेव्हा एअर फ्रायरची काळी बास्केट हातात धरून उभी होते. आत ढकलली की ती खट् करून बसते, ते मी उगाच पुन्हा पुन्हा करून बघत होते. ते खट् आता माझ्याच डोक्यात झालं. कारण आम्ही घरात चार जण आहोत. दिपेश, त्याची बायको म्हणजे मी, आमची मुलगी समिधा आणि दिपेशची आई आवडाबाई. चारांतून तीन खाणारी, म्हणजे एक माणूस गेलं. कोण गेलं हे मला विचारावंसुद्धा लागलं नाही, लगेच कळलं. आणि जे कळलं त्याचा मला इतका आनंद झाला की मी बास्केट पटकन खाली ठेवली, नाहीतर हातातून पडली असती. म्हातारी चालली. थोरल्या मुलाकडे, कल्याणजवळ मोहन्याला. दिवाळीत विनीतभाऊजींनी तिकडे मोठा ब्लॉक घेतला तेव्हा बोललेलेच, आईला आता थोडे दिवस आमच्याकडे राहू दे. म्हणजे दोघा भावांचं ठरलेलं दिसतंय आणि मला कोणी सांगितलेलं नाही. न सांगू देत. असल्या गोष्टी मला न सांगता झाल्या तरी चालतील. समिधा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तीन जणांना चार लिटर पुरे." म्हणजे हिलासुद्धा माहीत होतं तर.

ठाण्यापर्यंत येऊन हे मशीन बघायचं कारण दिपेशचं कोलेस्टेरॉल. मी टेंभी नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची साखर आणि चरबी पाकिटात घालून त्यांच्या हातात देते. नवऱ्याचं पाकीट घरी घेऊन आले ते मीच. डॉक्टरांनी सांगितलं, तळलेलं बंद. आता कोळ्याच्या घरात तळलेलं बंद म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ सुतक. दिपेश दोन दिवस भाकरी आणि माशाचं आंबट कालवण खाऊन तोंड पाडून बसला. म्हातारी म्हणाली, "एवढी वर्सं म्हावरं खाल्लं तवा नाय झालं काय, आता हिच्या लॅबमध्ये गेला नि झालं." म्हणजे नवऱ्याच्या रक्तातली चरबी मी घातली! वड्याचं तेल वांग्यावर, तशातली गत. मग समिधाने मोबाइलवर शोध लावला की एअर फ्रायर म्हणून असतो, चमचाभर तेलात बोंबील कुरकुरीत होतात. ती रोज जेवताना आम्हाला व्हिडिओ दाखवायची. एक नुसत्या खणाचा, म्हणजे बास्केटवाला. एक काचेच्या दाराचा, ओव्हनसारखा, आत दिवा, तीन जाळ्या, अख्खी कोंबडी फिरवायचा दांडा. आणि एक दोन खणांचा, शेजारी शेजारी, दोन्हीत वेगवेगळं लावायचं. या तिघांच्या भांडणात आमच्या घरी आठवडा गेला. दिपेशला काचेचा हवा होता, कारण त्याला आत काय चाललंय ते दिसायला पाहिजे, टीव्हीसारखं. समिधाला खणाचा, कारण तो धुवायला सोपा. जणू ती धुणार होती. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, कारण माझं म्हणणं होतं की कुठलाच नको. पण त्या तीननंतर मात्र मला अचानक त्या छोट्या बास्केटवाल्याबद्दल प्रेम वाटायला लागलं. चार लिटर. त्यात चौथ्या माणसाचं काही मावत नाही. "हाच घेऊ या," मी म्हणाले. दिपेश माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कधीपासून यात इंटरेस्ट?" त्या दिवशी घेतला नाही, कारण दिपेशला तो काचेचा सोडवत नव्हता, आणि ऑनलाइन बघू म्हणाला. पण मला आता मशीनची घाई नव्हती.

म्हातारीबद्दल मी असं बोलते म्हणून कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटू दे. वीस वर्षं मी तिच्याबरोबर एका ओट्यावर उभी आहे. आमचं लव्ह मॅरेज, कल्याणच्या कॉलेजातलं. माझे वडील माळकरी, मूळचे फलटणकडचे. लग्नाला आले नाहीत. मामाकडून फक्त निरोप पाठवला, तिला म्हणावं, काय करायचं ते कर, फक्त तोंडात मासा घालू नको. बाकी काही मागितलं नाही माणसाने. पुढे वर्षभरात ते गेले, आणि मागे घेता येईल अशी ती गोष्ट उरली नाही. लोक समजतात मी फार धार्मिक आहे. मी कसली धार्मिक! वर्षातून एकदा देवाला फूल वाहिलं तर वाहिलं. हा नुसता हट्ट आहे, आणि आता हट्टाचंसुद्धा हाड झालंय. तर लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला म्हातारीने माझ्या ताटात सरंग्याची तुकडी वाढली. मधली, चांगली जाड. मी ती बाजूला सारली. नुसती सारली, बोलले काही नाही. म्हातारी वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अन्नाला ढकलत नाय गो बाय. ढकलायचं त मानसाला ढकल." दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तिने एक नवा तवा आणला आणि बाल्कनीच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या बाहेर, वेगळ्या खिळ्याला लटकवला. हा तुझा, म्हणाली. म्हणजे मी आणि माझा तवा दाराबाहेर. मी तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलेले. आणि तरी या घरातले मासे कोण करतं? मी. म्हातारीचे गुडघे गेल्यापासून सगळं मीच करते. खवलं काढते, पोट साफ करते, कोकमाचं आगळ लावते, तांदळाच्या पिठात घोळवते. चव कशी लागते ते मला माहीत नाही, मीठ मी अंदाजाने घालते. आणि म्हातारी पहिला घास तोंडात घालून, डोळे बारीक करून, न चुकता सांगते, मीठ कमी. नाहीतर, मीठ जास्त. वीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, बरोबर आहे म्हणाली असती तर तिचं काय गेलं असतं?

त्या तीननंतर मी घरात हलक्या पायाने फिरायला लागले. म्हातारी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी दिवाणावर बसते, तिथून खाडीच्या बाजूचा वारा येतो. डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपरच्या घरात एवढा एकच वारा आहे, आणि तो कायम तिच्या अंगावर. मी येता-जाता त्या खिडकीकडे बघायचे. तिथे मी माझी खुर्ची मांडली, मनातल्या मनात, तिचा दिवाण उचलून टाकला, भिंतीवरचं तिच्या नवऱ्याचं होडीतलं चित्र उतरवून तिच्याबरोबर बांधून दिलं, खिडकीला फिकट पडदा लावला. रविवारी दुपारी मी तिथे पाय पसरून बसणार होते आणि मला कोणी मीठ कमी म्हणणार नव्हतं. जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं म्हणतात ते काही खोटं नाही. मी म्हातारीशी चांगलं वागायला लागले. रात्रीच्या जेवणाआधी तिच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले. ती पाय मागे घेत म्हणाली, "काय गो, आज काय झालं? डॉक्टरांनी मना पन काय सांगितलं काय? मरतंय काय मी?" मी म्हणाले, "काहीतरीच काय बोलता आई." तिने पाय पुढे केला, पण डोळे माझ्या तोंडावरून काढले नाहीत. आयुष्यभर बाजारात मासे विकताना गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगितलेली बाई, तिला काय फसवणार? आणि तिच्या पायाची कातडी मी पहिल्यांदाच हाताखाली घेत होते. पोटऱ्यांवर टोपलीच्या ओझ्याने शिरा वर आलेल्या, घोट्याशी जुनी जखम. मला त्या पायांची कीव आली नाही. मला वाटलं, आता हे शेवंतीताई बघेल.

शेवंतीताई म्हणजे माझी जाऊ, विनीतभाऊजींची बायको. तिला फोन करण्याची काही गरज नव्हती, पण मला राहवेना. मनात मांडे खाऊन पोट भरत नाही, मला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. दुपारी लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच सोडलं, "आईंना कधी नेताय मग? म्हणजे मी कपडे वगैरे काढून ठेवते."  शेवंतीताईचा आवाज एकदम चढला. "कोणाला नेताय? कुठे नेताय? वर्षाली, तू शुद्धीवर आहेस ना? आमच्याकडे कसली आलीय जागा! माझी आई आहे इथे ऑपरेशन झाल्यापासून." मी म्हणाले, "पण भाऊजी दिवाळीत बोललेले." "ते दिवाळीत बोलले. दिवाळीत काय, कोणीही काहीही बोलतं. आणि तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं? आम्हाला विचारायचं नाही? म्हातारीला काय पार्सल समजलीस काय?" मी म्हणाले, "मी नाही ठरवलं, दिपेशने ठरवलंय." आणि फोन ठेवला.  मी खिडकीवर परत आले तर एक बाई कधीची रिपोर्टसाठी उभी, तिने माझ्यावर आवाज चढवला, मी तिच्यावर. दिवसभर मला हेच वाटत होतं की शेवंतीताई खोटं बोलतेय. जबाबदारी आली की माणसं अशीच खोटं बोलतात.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी मांदेली केलेल्या, तव्यावर, चमचाभर तेलात, मशीन यायचं होतं तोवर असंच. माझ्या ताटात वांग्याचं भरीत. दिपेशने पहिला घास घेतला नाही. "शेवंतीवहिनीला फोन केलेलास तू?" त्याने विचारलं. म्हातारी मांदेली मोडत होती, तिचे हात चालूच राहिले. मी म्हणाले, "केलेला." "आईला तिकडे पाठवतोय असं बोललीस?" "मग पाठवतोयसच ना." "कोण बोललं?" तो ओरडला, त्याच्या मानेची शीर वर आली, कोलेस्टेरॉलवाल्या माणसाने ओरडू नये. "विनीतदादाचा फोन आलेला मला, रडत होता तो. कोण बोललं तुला?" आणि मी, मला वाटलं आता मी याला सगळ्यांसमोर पकडणार, मी म्हणाले, "तूच बोललास! दुकानात! सेल्समनने विचारलं, खाणारी माणसं किती, तर तू काय सांगितलंस? तीन सांगितलंस! तीन कुठून आली मग? आई कुठे गेली त्यातली?" दिपेशने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच कळत नव्हतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग कळलं, आणि तो हसला. तो हसला ते मी विसरणार नाही. "अगं बाई," तो म्हणाला, "तीन म्हणजे आई, समिधा नि मी. मशीन कशाला घेतोय आपण? मासे तळायला ना? तू कुठे खातेस आमच्यातलं? तुझं तू वेगळं करतेसच की."

समिधा म्हणाली, "मम्मी, सीरियसली? तू आजीला घालवत होतीस?" मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. म्हातारीने मांदेलीचा काटा ताटाच्या कडेला लावला, बाकीच्या काट्यांना लागून, नीट. "मना मोहन्याला धाडत होतीस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "हो," मी म्हणाले. आता लपवून काय करणार होते? "म्हनून पायाला तेल." "हो." ती थोडा वेळ चावत राहिली. "वाटलाच मना," म्हणाली, "वीस वर्सांत कधी लावलं नाय." आणि मग पुढचा घास घेऊन, डोळे बारीक करून, "मीठ जास्त हाय आज."

 दिपेश खाऊन उठला, कारण त्याच्या दृष्टीने विषय मिटला होता. गैरसमज झालेला, दूर झाला. मी भांडी घासत उभी राहिले आणि माझ्या हातांना माशाचा वास येत होता, रोजच येतो. लिंबू चोळलं तरी बोटांच्या पेरांत राहतो. बसमध्ये शेजारची बाई नाक वळवते तो वास माझ्या हातांचा असतो, आणि मी खाणाऱ्यांत नाही. मला एकेक आठवायला लागलं. हॉटेलात गेलो की दिपेश सांगतो, तीन सुरमई थाळी, आणि मग मेनू माझ्याकडे ढकलून, तू बघ तुझं काहीतरी. त्याच्या चुलतभावाच्या हळदीला मला दही-भात दिलेला, तोही सगळ्यांचं झाल्यावर, कारण कोणाच्या लक्षातच नव्हतं. मला कधी राग आला नव्हता, मला वाटायचं हा माझा हट्ट आहे, त्याची किंमत मी देतेय. पण त्याला त्या दुकानात आठवावंसुद्धा लागलं नाही. एखादं माणूस मुद्दाम वगळलं तर निदान त्याला वगळण्याइतकं तरी धरलेलं असतं. हा तर सरळ तीन म्हणाला. समिधाही चार लिटर पुरे म्हणाली. आणि मी वेडी, मीच म्हणाले, हाच घेऊ या! माझ्याच हाताने मी माझी जागा सोडून दिली, तीसुद्धा हसत हसत. मला दिपेशचा राग आला. अजून आहे, जाईल असं वाटत नाही. मी त्या रात्री ठरवून टाकलं की कुठलंही मशीन येऊ दे, मी त्यात त्यांचे मासे भाजून देणार नाही. घालू देत त्यांनी ते काचेच्या कपाटात आणि बघत बसू देत दिवा लावून.

शनिवारी सकाळी मी चहा घेत होते, तेव्हा म्हातारी भिंतीला हात लावत आत आली. स्वयंपाकघरात ती आता सहसा येत नाही. स्टुलावर बसली. मला वाटलं आता ही मोहन्याचं काढणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं. ती म्हणाली, "त्यो दोन खनांचा हाय ना, त्यो आनायचा." मी म्हणाले, "तुमच्या मुलाला सांगा. मला काय त्याचं?" "तुलाच सांगतंय. एका खनाचा नको. काचेचा त नकोच नको. तू त्याच्यात तुझी सुरनाची कापं करशील, नि माझ्या म्हावऱ्याला त्याचा वास येल." मी हसले, वाईट हसले. "मी तुमच्या त्या खोक्याला हातसुद्धा लावणार नाहीये." "लावशील." "नाही लावणार." "लावशील. किती दिवस तव्यापाशी उभी ऱ्हाशील? तुझेबी गुडघे आवाज करतंय, ऐकतंय मी." माझे गुडघे खरंच जिन्यात आवाज करतात. ते दिपेशला माहीत नाही. मी कप आपटला. "तुम्हाला माझ्यासाठी काही करायची गरज नाही. मी तुम्हाला घराबाहेर काढत होते, कळतंय ना?" म्हातारी चवताळली. "तुझ्यासाठी कोन करतंय? माझ्या म्हावऱ्यासाठी करतंय मी! नि मना बाहेर काढणारी तू कोन? तुझा बाप आला तरी माझी खिरकी सोडनार नाय मी. साडी बदलतंय. रिक्षा बोलव."

तिला डोंबिवलीच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढवताना मला घाम फुटला. ती माझ्या दंडाला धरून चढत होती आणि चढता चढता मला शिव्या देत होती, हळू चल, घाई कशाला, मारून टाकतेस काय. आत गेल्यावर मात्र ती बदलली. दुकान म्हणजे तिला बाजारच. तिने काचेच्या मशीनचं दार उघडलं, आत हात घालून वरचा भाग चाचपला आणि बोट बाहेर काढून सेल्समनला दाखवलं. "हितं तेल उडंल. हितं हात कसा पोचंल धुवायला?" तो म्हणाला, "आजी, ओल्या कपड्याने पुसायचं." "म्हावऱ्याचा वास पुसून जातो काय? लगीन झालं काय तुझं? बायकोला विचार." मग दोन खणांचं मशीन. तिने दोन्ही खण ओढून बाहेर काढले, वाकून नाक आत घातलं, मधल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. "ह्याचा वारा त्याच्यात जातो काय?" सेल्समन म्हणाला, "नाही आजी, दोन्हीचा पंखा वेगळा." ती पुन्हा टकटक करून बघत राहिली, गिऱ्हाईक जसं तिच्या पापलेटाचा कल्ला उचलून बघायचं तशी, आणि तेव्हा गिऱ्हाइकांना ती काय काय बोलायची ते मी ऐकलंय. सेल्समन कंटाळला. त्याने या लोकांचं ठरलेलं असतं ते विचारलं, "आजी, घरात खाणारी माणसं किती?"

 मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, मिक्सर मांडलेले होते त्यांच्याकडे. म्हातारी खण आत ढकलत म्हणाली, "चार." खट्. "तिघं म्हावरं खातो. ही नाय खात, हिचं वेगळं लागतं." वेगळं, तोच शब्द. दिपेश म्हणालेला तोच. "वीस वर्सं हिचा तवा वेगळा ठेवलाय मी," ती त्या परक्या माणसाला सांगत होती, त्याला काय करायचं होतं त्याच्याशी? "बाहेर टांगते. आत ठेवला त कोनतरी चुकून बोंबील टाकतो, आमच्या घरात बोंबलाला काय तोटा. एक डाव वास लागू दिला नाय." मी मिक्सरकडेच बघत राहिले. ते खरं होतं. माझ्या पोळीला, माझ्या थालिपिठाला या घरात कधी वास आला नव्हता, आणि तो आपोआपच येत नसेल असं मी धरून चाललेले. ते खरं असल्याचा मला भयंकर संताप आला. वीस वर्षांत हे तोंडाने सांगायला हिला काय झालेलं? आणि आता सांगतेय ते कोणाला, सेल्समनला. "पॅक करा," मी म्हणाले. सेल्समन हलला नाही, म्हणून पुन्हा जोरात म्हणाले, "करा ना पॅक, बघताय काय?"

दिपेशने घरी आल्यावर खोकं बघितलं आणि म्हणाला, "एवढा मोठा कशाला? एका खणाचा पुरे होता."  समिधाने मशीन ओट्यावर लावलं, व्हिडिओ बघत बटणं दाबली. म्हातारी स्टूल ओढून समोर बसली. "डावा माझा," म्हणाली. मी तोवर ठरवल्याप्रमाणे लांब उभी होते. पण तिने समिधाला बांगड्यांना आगळ लावायला सांगितलं, आणि समिधा बांगडा दोन बोटांत धरून अशी उभी राहिली की मला बघवेना. मी पुढे होऊन तो हिसकावला. ठरवलेलं सगळं तिथेच संपलं, हाताला सवय असते. डाव्या खणात चार बांगडे बसले, दोन उरले. दिपेश पाठीमागून आला, त्याला भूक लागलेली, उरलेले दोन ताटलीतून उचलून त्याने उजवा खण ओढला. "हे इकडे टाकू या ना, एकदम होतील." बांगड्याच्या शेपटीचं पाणी खणाच्या काठावर पडायला आलेलं, आणि म्हातारीने त्याच्या मनगटावर फटका मारला. चांगला सणसणीत, लहान पोराला मारतात तसा. "हात काढ! तिचा हाय त्यो." "अगं आई, रिकामाच तर आहे!" "रिकामा असंल. तिचा हाय." दिपेश माझ्याकडे बघायला लागला, मी काही बोलेन म्हणून. मी डावा खण आत ढकलला. तो बांगडे परत ठेवून मनगट चोळत बाहेर गेला.

"आता काय बघतेस?" म्हातारी मला म्हणाली. "ठेव की काय ठेवायचं त्ये. का रिकामा खन तापवायचा?" मी सुरण कापला. विळीवर, जाड जाड कापं, चिंचेच्या पाण्यात ठेवून, तिखट-हळद लावून, रव्यात घोळवली. मीठ अंदाजाने. उजव्या खणात मांडली आणि खण ढकलला. मशीन घुमायला लागलं. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो. एका बाजूने बांगड्याचा वास यायला लागला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने रव्याचा. टिंग वाजल्यावर मी आधी तिचा खण काढून तिला वाढलं. मग माझा. कापं मी माझ्या ताटलीत घेतली आणि ओट्याशीच उभी राहिले, रोजची सवय. म्हातारीने बांगड्याला हात लावलेला होता. तो सोडून ती उठली, भिंतीला धरत बेसिनपाशी गेली, लिंबाची फोड घेऊन बोटं चोळली, एकेक बोट, नखांच्या आतून, नळाखाली धुतली, पदराला पुसली, नाकाशी नेऊन हुंगली, पुन्हा धुतली. मला वाटलं, हिचं जेवून झालं. मग ती वळली आणि माझ्या ताटलीतलं एक काप उचललं. त्या पहिल्या जेवणानंतर वीस वर्षांत माझ्या ताटाला तिचा हात लागला नव्हता. डोळे बारीक करून चावलं.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं खायला?"

"मग कोन सांगंल तुला?" ती म्हणाली आणि दुसरं उचललं.